पावतीवरची तारीख आणि जमिनीतला वाफसा

छोट्या ट्रॅक्टरने बागेची मशागत करून घेणे हे एरवी अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राने पावतीवरची तारीख पाळण्याचा हट्ट धरला नसता, तर त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही उरलेही नसते. थेऊरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी आमची 8 गुंठे जागा आहे आणि हडपसरच्या घरातून जाऊन-येऊन आम्ही तिथे भाजीपाला करतो. जमीन खोल काळी आहे. 2025 च्या मे महिन्यात गवार, भेंडी आणि वांग्यांसाठी रान तयार करायचे होते. आसपास बैलजोडी कोणाकडे उरलेली नाही आणि मोठा ट्रॅक्टर आमच्या फाटकातून आत येत नाही, म्हणून 18 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे लावायचा रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, ठरवला. चौकशी, दर, आगाऊ रक्कम आणि पावती हे सर्व फोनवरच विनासायास पार पडले.

वळवाची एखादी सर मशागतीला हवीच असते, कारण तिच्यामुळे ढेकळे मऊ पडतात. त्या मे महिन्यात मात्र वळीव थांबेचना, आणि तो ओसरण्याआधीच मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी पुण्यात पोहोचला, म्हणजे पुण्यात नेहमीपेक्षा जवळजवळ पंधरवडा आधी. रोहिणी नक्षत्र नुकतेच लागले होते. ज्या दिवसांत आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, त्या दिवसांत ती पाणी पिऊन फुगली होती.

मी केंद्राला फोन करून तारीख पुढे ढकलण्यास सांगितले. पलीकडून उत्तर मिळाले की तारीख बदलायची असल्यास आदल्या दिवशी सायंकाळी 5 च्या आत कळवावे लागते. आमच्याकडे पाऊस आदल्या रात्री 8 नंतर पडला होता. पावतीवर एक अट छापलेली होती, ‘शेतात पाणी साचलेले नसावे’, आणि तिच्या आधारे ते मला विचारत होते, ‘‘सर, पाणी साचलंय का?’’ पाणी साचलेले नव्हते. वरचा थर तर वाऱ्याने सुकून फिकट दिसू लागला होता. पण काळ्या जमिनीत ओल वरून कळत नाही, आणि पावतीवर वाफशासाठी, म्हणजे माती मशागतीला हवी तेवढीच ओली आहे का हे सांगण्यासाठी, रकाना नव्हता. तारीख, वेळ, क्षेत्र, अवजार, मोबाइल क्रमांक हे सगळे त्यांना हवे होते. ज्या एका गोष्टीवर मशागत करायची की नाही हे ठरते, ती विचारण्याची गरज फॉर्म बनवणाऱ्याला वाटली नव्हती.

थोड्याच वेळात ट्रॅक्टर दारात उभा राहिला. चालक तरुण आणि कामाचा होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तो मूळचा मुळशीकडचा, भाताच्या खाचरात चिखलणी करण्यात हात बसलेला. तो म्हणाला, ‘‘काका, चिखलातच रोटर छान फिरतो, घाबरता कशाला?’’ त्याचे म्हणणे त्याच्या जागी अगदी बरोबर होते. चिखलणीत मातीचे कण मुद्दाम मोडायचे असतात, आतल्या पोकळ्या बुजवायच्या असतात, म्हणजे पाणी खाली न झिरपता खाचरात उभे राहते आणि भाताला ते मानवते. वांग्याला मात्र मुळाशी हवा लागते. भाजीच्या रानात तोच रोटर ओल्यात फिरवला की त्याची पाती तळाशी माती लिंपत जातात, तिथे एक घट्ट थर बसतो, आणि पुढे पाऊस झाला की पाणी त्या थरावर अडून मुळे कुजतात. ऊन पडले की वरची ढेकळे अशी वाळतात की कुदळीलाही दाद देत नाहीत. शिवाय पाऊण टनाच्या आसपास वजनाचा ट्रॅक्टर, त्यात रोटरचा भार. चाकांखालची जमीन दबते ती वेगळीच.

मी खुरपे घेऊन त्याच्यासमोर चार-पाच बोटे खोल माती काढली. मुठीत दाबली तर गोळा झाला, अंगठ्याने रेटली तर तिला तेलकट चकाकी आली, आणि दोन तळहातांत वळली तर न तुटता बारीक दोरी होत गेली. कमरेच्या उंचीवरून गोळा खाली टाकला तो फुटला नाही, नुसता चपटला. वाफशावर असलेली माती अशी वागत नाही. तिचा गोळा होतो, पण पडताच तो भुगा होऊन विखुरतो, आणि वळू गेलो तर दोरी तुटते. चालकाने ते पाहिले आणि मान्यही केले, पण निर्णय त्याच्या हातात नव्हता. त्याने केंद्राला फोन लावला. तिथून त्याला सांगण्यात आले की ग्राहकाने काम नाकारले असे लिहून सही घे, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची असेल.

मी सही केली. सही करताना राग आला होता हे खरे, पण निर्णयाबद्दल शंका नव्हती. ट्रॅक्टर तिथून थेट शेजारच्या रानात गेला, कारण तिथल्या मालकांनी आलेली पाळी सोडायला नकार दिला. रोटरच्या पात्यांमध्ये माती इतकी गच्च भरली की दर थोड्या अंतरावर थांबून ती सळईने काढावी लागत होती. (हे काम करताना पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर रोटरला देणारा फिरता दांडा, तर बंद हवाच, इंजिनही बंद करून चावी खिशात ठेवावी, नुसते गिअर काढून पात्यांत हात घालणारे चालक मी पाहिले आहेत.) त्या रानात नंतर उन्हात जी ढेकळे वाळली, ती फोडायला त्यांना माणसे लावावी लागली. मी त्यांना काही बोललो नाही, पण मनातून समाधान वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

ज्यांची जमीन मुरमाड आहे, त्यांना हे सगळे अतिशयोक्तीचे वाटेल, कारण तिथे पाऊस उघडल्यावर एका दिवसात वाफसा येतो. काळ्या चिकणमातीत पाणी धरून ठेवण्याची ताकद मोठी आणि निचरा मंद, त्यामुळे कडक ऊन पडले तरी वाट पाहावीच लागते. ही वाट थोडी कमी करता येते. उताराच्या कडेने फूटभर खोल चर काढून ठेवला की वरचे पाणी निघून जाते. हे मी पाऊस चालू असतानाच करून घेतले होते आणि त्याचा उपयोग झाला. वाळका पालापाचोळा अंथरलेला असेल तर तो बाजूला ओढावा, नाहीतर तो ओल सोडत नाही. आणि तिथे उगाच ये-जा करू नये.

मोसमी पावसाने मे संपता संपता विश्रांती घेतली आणि जूनचे पहिले दिवस कोरडे गेले, ही त्या वर्षी अनेकांच्या रानाची सुटका ठरली. माझ्या मातीचा गोळा मृग लागण्याच्या सुमारास फुटू लागला. केंद्राच्या नव्या तारखेची वाट न पाहता मी गावातल्या एका ओळखीच्या माणसाचा छोटा ट्रॅक्टर बोलावला. त्याने तारीख विचारलीच नाही, ‘‘वाफसा आला की सांगा’’ एवढेच म्हणाला. काम ठरल्याप्रमाणे झाले. आधी फणाची उथळ पाळी मारली, अर्धा दिवस माती उन्हाला दिली आणि मग रोटर फिरवला. एकदम रोटर लावण्यापेक्षा हे चांगले, कारण फण माती मोकळी करतो, लिंपत नाही. ट्रॅक्टर सावकाश चालवायला सांगावा. रोटर दोनदा-तीनदा फिरवून माती मैद्यासारखी करण्याचा मोह होतो, पण तशी माती पहिल्याच जोरदार पावसात बसते आणि वर पापुद्रा धरते.

हराळीचे आधी सांगायला हवे होते. बागेत हराळी किंवा लव्हाळा असेल तर तो रोटर लावण्यापूर्वी उपटून, वेचून बाहेर टाकावा. रोटर हराळीच्या मुळकांडांचे तुकडे करून सगळीकडे पसरवतो, आणि ओल्या जमिनीत ते तुकडे रुजतात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवणे तर उघडच आहे, पण शेजारच्या रानात त्याच दिवशी एक नळी रोटरला गुंडाळली गेली होती, म्हणून लिहिले.

ट्रॅक्टर चिखलात रुतलाच, तर चालकाला चाकांपुढे लाकूड बांधून पुढे रेटू देऊ नये. मागची चाके अडली आणि इंजिनने जोर केला, तर ट्रॅक्टरचे पुढचे टोक उचलून तो मागे उलटू शकतो. रोटर उचलून, सावकाश मागे घेत बाहेर काढावा. ते जमले नाही तर दुसऱ्या वाहनाने ओढावा.

वाफे मी गादीवाफे केले, म्हणजे जूनच्या मध्याला पाऊस परतला तेव्हा पाणी सरीत उतरले आणि रोपे वर राहिली. ज्यांची जागा 2-3 गुंठ्यांचीच आहे, त्यांनी ट्रॅक्टरच्या भानगडीत न पडता हाताने धरून चालवायचा पॉवर वीडर, म्हणजे छोट्या इंजिनाचे कोळपणी यंत्र, घ्यावा. वजन कमी, त्यामुळे जमीन फारशी दबत नाही. वाफसा मात्र त्यालाही लागतो.

केंद्राकडून आगाऊ रक्कम अजून मिळालेली नाही. भाड्याने ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात: वाफसा नसल्यास तारीख विनाशुल्क पुढे जाईल, आणि भाड्याचा तास ट्रॅक्टर फाटकात शिरल्यापासून मोजला जाईल की अवजार जमिनीला लागल्यापासून.