भिंतीतल्या प्लगपासून सुरुवात करा

"अक्का, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?"

निकाल लागले की आमच्या नात्यागोत्यात आणि गल्लीत कॉम्प्युटरमधल्या या चित्र तयार करणाऱ्या पार्टचा प्रश्न सुरू होतो. मी उलट विचारते, "तुमच्या घरच्या प्लगला अर्थिंग हाय का?" मग समोरचा गप्प बसतो. हिला कॉम्प्युटरचं विचारलं तर ही वायरमनसारखं काय बोलायलीय, असं तोंडावर दिसतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. टॉवेल आणि चादरीची जॅकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाईन करते. घराच्या एका भिंतीपलीकडे माग चालतात. माझं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, मी स्वतः जोडलेलं आहे आणि ते सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतं. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत बसून केलेले व्हिडिओ बघून पार्टची यादी करणाऱ्यांना मी सांगते: यादी उलटी करा. आधी वीज, मग एसएमपीएस (भिंतीतली वीज पार्टना लागेल तशी करून देणारा डबा), मग हवा. बाकीचं नंतर.

अर्थिंगचं आधी सांगते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात आणि कॅबिनेट बदलून आणतात. नव्यालाही मुंग्या येतातच. कारण दोष कॅबिनेटचा नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याला जोडलेले असतात. तिसऱ्या पिनेला अर्थिंग मिळालं तर ती गळती जमिनीत जाते. नाही मिळालं तर पत्रा २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण तुम्ही यूएसबी लावता, मॉनिटर जोडता, तेव्हा तो तिथूनही वाट शोधतो. वायरमनला मल्टीमीटर घेऊन बोलवा. फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलइतकंच दिसलं पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या घरांत मीठ-कोळशाचा खड्डा असतो, तो आपल्या उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो. त्यात बादलीभर पाणी ओतून परत मोजा. आणि तिसरी पिन मोडून टू-पिनच्या सॉकेटात घुसवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता एसएमपीएस. "कॅबिनेटबरोबर फ्री देतो की" म्हणून जो मिळतो, तो फ्रीच राहू द्या, मशीनला लावू नका. डब्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं. ते बघू नका, अंगावरचा स्टिकर वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत? ३० असतील तर १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं याच लाईनवर खातात. ८० प्लसचा शिक्का म्हणजे वीज किती वाया जात नाही एवढंच, तो एसएमपीएस झटका आल्यावर बाकीच्यांना वाचवेल की नाही हे त्यातून कळत नाही. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॉटचं कार्ड असेल तर चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा पुरून उरतो. लोक मात्र इथं हजार रुपये वाचवतात आणि रंग बदलणाऱ्या पंख्यांवर उडवतात.

यूपीएसचंही (लाईट गेली की थोडा वेळ वीज पुरवणारा बॅटरीचा डबा) तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक वेळा ३६० वॉटचाच. गेम चालू असताना लाईट गेली की तो किंचाळून बंद पडतो, आणि दोष यूपीएस बनवणाऱ्याला जातो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवणार असाल तर तो साईन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) आहे का ते बघा, आणि मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते त्या बाजूला करा. नाहीतर लाईट गेल्यावर पंखे चालू राहतील आणि मशीन मात्र रीस्टार्ट होईल.

उन्हाळ्याचा हिशोब साधा आहे, पण कुणी करत नाही. व्हिडिओवाल्याच्या २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर चालला, म्हणजे खोलीपेक्षा ५० वर. तोच प्रोसेसर, तोच कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि पत्रे) आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांच्या पत्र्याखालच्या खोलीत लावा. ९२ च्या आसपास जातो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे बहुतेक प्रोसेसर ९५ ला स्वतःचा वेग कमी करतात, इंटेलचे बरेचसे १०० ला. जळत काही नाही, पण पैसे मोजून घेतलेला वेग दुपारी मिळत नाही. म्हणून कूलर एक पायरी वरचा घ्या आणि कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या. पुढून काच असलेलं दिसायला देखणं, पण आपल्या हवेत ते निरुपयोगी.

जाळीच्या मागे सुटी निघणारी गाळणी पाहिजे. मागाच्या शेजारी राहणाऱ्यांनी तर पाहिजेच पाहिजे. सुताची बारीक लव हवेत असते, ती नुसत्या धुळीसारखी बसत नाही, कूलरच्या पत्र्यांमध्ये तिचा नमदा तयार होतो. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, असं ठेवलं की हवा फटीफटीतून न शिरता गाळणीतूनच येते.

आमच्या शेजारच्या अण्णांच्या कारखान्यातलं ऑफिसचं मशीन रोज दुपारी झपकन बंद पडायचं. सकाळी ठीक. दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ अशी नोंद होती, पण तिचा अर्थ एवढाच की वीज अचानक तुटली, का तुटली ते ती सांगत नाही. मी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं, तर बंद पडायच्या आधी प्रोसेसरचा आकडा शंभरीला टेकलेला. कूलर काढला तर पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये चादरीचा तुकडा निघावा तशी लव. साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली, चालू झालं. अण्णा म्हणाले, "मग त्यानं मदरबोर्ड का म्हटला?" आता मी काय सांगू!

साफ करताना कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा पाईप थेट मारू नका, त्यात दाबही जास्त असतो आणि पाणीही येतं. हातातला ब्लोअर पुरे. आणि पंखा बोटानं धरून ठेवा, भिरभिरू दिला तर बेअरिंग जातं.

एक फरक लक्षात ठेवा. मशीन दिवा विझल्यासारखं एकदम बंद झालं, तर आधी उष्णता आणि एसएमपीएस बघा. निळा पडदा येऊन रीस्टार्ट होत असेल, तर रॅम आणि ड्रायव्हर. रॅमचा संशय असेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लावा. नंतर रॅमची एकेक पट्टी काढून परत. दोन पट्ट्या असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय केल्यानं सुधारलं ते कळत नाही.

जुळे सोलापूरला राहणाऱ्या माझ्या भाच्यानं नवीन रायझन ७६०० जोडला आणि रडकुंडीला येऊन फोन केला, "मावशी, पंखे फिरतायत पण स्क्रीन काळीच हाय." बटण दाबून मिनिटभरात तो बंद करत होता, परत चालू करत होता. या प्रोसेसरचा एएम५ मदरबोर्ड पहिल्यांदा डीडीआर५ रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीनवर काही येत नाही. म्हटलं, चहा पिऊन ये, हात लावू नको. चहा संपायच्या आत बायोस दिसला. तसं झालं नसतं तर बोर्डवरचे चार बारके दिवे बघायला सांगणार होते: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्यावर अडकलंय तो पेटून राहतो. त्याच्याकडं जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या जास्तीच्या केबल होत्या, त्या मात्र मी फेकायला लावल्या. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते, चुकीची लागली तर एसएसडी (माहिती साठवणारा पार्ट) एका क्षणात जाते.

आता त्या ग्राफिक्स कार्डाचं. माझ्या २६८८ हुकांच्या (धागे उचलणाऱ्या आकड्यांच्या) जॅकार्डचं डिझाईन म्हणजे २६८८ ठिपके रुंद, मोजक्या रंगांचं चित्र. मोबाईलचा फोटो त्याहून मोठा असतो. मला कार्ड लागत नाही, प्रोसेसरमधलंच पुरतं. लागतात ते ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडी आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर. गेम किंवा थ्रीडी करणार असाल तर कार्ड घ्या, नाहीतर तेच पैसे मॉनिटरला लावा. फक्त कार्ड न घेता मशीन जोडताना प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नको, त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५००० मध्ये तर नावात जी असेल तरच असतं.

खरेदीला आमच्याकडचे लोक हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याच्या तपकीर गल्लीत जातात, काही हैदराबाद गाठतात. भाव करताना वॉरंटीचा माल कुठं जमा करायचा तेही विचारून घ्या, सोलापुरात, की दर वेळी पुण्याला पार्सल. पार्टवरच्या सिरियल नंबरचा फोटो कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधीच काढा. बिलाचाही काढा, थर्मल कागदावरची छपाई आपल्या उन्हाळ्यात कपाटातसुद्धा पुसट होते.