तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरला सगळे आवाज काढता येतात, मग वाद्यांवर संशोधन कशाला?

मी वाद्यांवर आणि गळ्यावर कॉम्प्युटरच्या मदतीने काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो पण आता ॲपमध्ये पियानो आहे, व्हायोलिन आहे, गाणारे आवाज पण आहेत, मग तुम्ही अजून शोधताय काय?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि दरवेळी दोन मिनिटांत काहीतरी सांगून मी सुटते, म्हणून यावेळी नीट लिहायला बसले.

आधी एक गोष्ट. ॲपमधलं वाद्य म्हणजे बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच असतं. कुणीतरी पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात वाजवून साठवून ठेवलेली असते आणि तुम्ही बोट ठेवलंत की त्यातलं योग्य ते वाजतं. ऐकायला छानच असतं ते. पण रेकॉर्डिंगला तो आवाज *कसा* होता हे माहीत असतं, तसा *का* झाला हे माहीत नसतं. आम्ही जे करतो त्यात आवाज साठवायचा नाही, वाद्यच गणितात बांधायचं. आणि बांधलेलं वाद्य जिथे चुकीचं वाजतं ना, तिथेच खऱ्या वाद्याबद्दल काहीतरी नवीन कळतं. माझ्या मते या सगळ्या कामाचा जीव तिथे आहे.

उदाहरण देते. 1983 साली केविन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी तारेचा आवाज काढायची एक पद्धत छापली, ती इतकी साधी आहे की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. सेकंदाला 44100 आकडे या हिशोबाने आवाज तयार करायचा, तर 100 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा, स्वर हवा असेल तेव्हा 441 घरांची एक रांग घ्या, त्यात वाट्टेल ते आकडे भरा, अगदी काहीही, आणि ती रांग परत परत वाजवा, फक्त प्रत्येक फेरीत प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवत जा. बस. मी रात्री हे लिहून हेडफोन लावला, पहिल्या क्षणी नुसती खर्र झाली आणि त्या खर्रमधूनच तार निघाली, छेडलेली, झणझणीत, हळूहळू विझत जाणारी. मी तो एकच स्वर किती वेळा वाजवला असेल देव जाणे.

असं का होतं? कारण खऱ्या तारेत पण हेच चाललेलं असतं. तार छेडली की लाट घोडीपर्यंत, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या आधारापर्यंत जाते, आपटून परत येते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक खेपेला थोडीशी झिजते, त्यातही बारीक, टोकदार भाग आधी झिजतो. सरासरी घेणं म्हणजे तेच झिजणं. म्हणून सुरुवातीला आवाज चकचकीत आणि मग मऊ.

पण वरचे स्वर वाजवायला गेले तर सगळे उतरलेले! तासभर मी प्रोग्रॅममधली चूक शोधत होते आणि चूक नव्हतीच. 2000 हर्ट्झसाठी 22.05 घरं लागतात, घरं तर पूर्णच असतात म्हणून 22 घेतली, शिवाय सरासरी घेण्यातच अर्ध्या घराचा वेळ जातो, म्हणजे झाली साडेबावीस आणि स्वर आला 1960 हर्ट्झचा. जवळजवळ एक तृतीयांश सेमीटोन (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली. कुणाच्याही कानाला खुपेल इतका. यावर डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी त्याच वर्षी उपाय छापला होता, घराचा अपूर्णांक बसवायचा एक छोटासा फिल्टर. तो लावला आणि तार सुरात आली.

मग मी म्हटलं आता तंबोरा करू. तर तो होईचना. तार सुरात, लांबी बरोबर, पण तंबोऱ्याचं ते गुंजणं अजिबात नाही. कारण तंबोऱ्याची घोडी धारेसारखी नसते, रुंद असते, तिला किंचित गोलाई असते, आणि जवारीचा दोरा सरकवून तार तिच्या पृष्ठभागाला जेमतेम स्पर्श करेल अशी लावलेली असते. तार हलते तसा तिचा घोडीवरचा टेकण्याचा बिंदू पुढेमागे सरकतो, म्हणजे तारेची लांबीच प्रत्येक कंपनात बदलत राहते. नेहमीच्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल त्या जागी ज्या हार्मोनिक्सचा (म्हणजे मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या स्वरांचा) स्थिर बिंदू असेल ते वाजणार नाहीत. सी. व्ही. रामन यांनी 1921 च्या लेखात दाखवलं की तंबोरा हा नियम पाळत नाही, जे हार्मोनिक्स नसायला हवेत तेही ठणठणीत ऐकू येतात, कारण घोडीवर टेकताना शक्ती खालच्या हार्मोनिक्समधून वरच्यांत जाते. हे मी वाचलं होतं आधीच. पण माझ्या गणितातल्या तारेखाली गोलाईची घोडी घातली आणि तो झंकार हेडफोनमध्ये उघडला, तेव्हा ते मला *कळलं*. फरक आहे यात.

आता गळा. गळा सगळ्यात अवघड, आणि त्याचं कारण फार विचित्र आहे, म्हणजे गळा गुंतागुंतीचा आहे हे खरंच पण त्याहून मोठं कारण आपला कान. क्लॅरिनेट जरा खोटं वाजलं तर थोड्या लोकांना समजेल, माणसाचा आवाज जरा खोटा आला तर लहान मूलसुद्धा वळून बघेल.

रचना म्हणाल तर सोपी वाटते. स्वरतंतू उघडमीट करतात, त्याची एक कर्कश भुणभुण होते, आणि वर साधारण 17 सेंटिमीटरची नळी, एका टोकाला बंद, ओठाशी उघडी. अशी सरळ नळी 500, 1500, 2500 हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि जीभ-जबडा-ओठ हलवून आपण ही घुमण्याची ठिकाणं सरकवतो, तेच आपले आ, ई, ऊ. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन केली आणि कॅरल लॉकबॉम यांनी ही नळी छोट्या छोट्या तुकड्यांत कापून गणितात मांडली आणि 1961 साली आयबीएम 704 या कॉम्प्युटरकडून गाणं म्हणवून घेतलं, साथीचं संगीत मॅक्स मॅथ्यूज यांचं. शब्द कळतात. पण माणूस गातोय असं वाटत नाही.

काय कमी आहे? याचा एक धागा संगीतकार जॉन चाउनिंग यांना 1980 च्या सुमारास सापडला. त्यांचं उदाहरण मी प्रत्येकाला ऐकवते. आधी एक साधा, गुळगुळीत स्वर येतो. मग त्यावर बाकीचे हार्मोनिक्स एकेक करून चढतात, अगदी बाईच्या आवाजात असतात त्याच प्रमाणात, आणि तरी ऐकू येतो तो यंत्राचा आवाज, थंड, वेगवेगळ्या शिट्ट्या एकत्र वाजाव्यात तसा. मग सगळ्यांना एकाच वेळी एकसारखा हलका कंप दिला जातो, सेकंदाला पाच-सहा हेलकावे आणि त्यात थोडी अनियमितता. आणि त्या क्षणी समोर बाई गायला लागते! प्रमाण बदललेलं नाही, काही नवीन घातलेलं नाही. फक्त ते सगळे *एकत्र हलले*, आणि कानाने ठरवलं की हे एकाच गळ्यातून येतंय.

याची उलट बाजू तर अजून भन्नाट आहे. संगीतकार रॉजर रेनॉल्ड्स यांच्या एका रचनेसाठी ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याचा एक स्वर घेऊन त्याचे सम आणि विषम हार्मोनिक्स वेगळे केले आणि दोन्ही गटांना वेगवेगळा कंप दिला. ओबो चक्क फाटला. विषम हार्मोनिक्सचं क्लॅरिनेटसारखं काहीतरी झालं आणि सम हार्मोनिक्सचा एका सप्तकाने वर गाणारा बाईचा आवाज. स्टीफन मॅकॲडम्स यांचं याच विषयावर काम आहे, कान कशाला "एक" मानतो यावर. मी हे ऐकल्यापासून "वाद्याचा आवाज" हे शब्द पूर्वीसारखे सहज वापरू शकत नाही, कारण त्यातला किती भाग वाद्यात आहे आणि किती आपल्या कानात!

"पण आता एआय गातं की," हे पण विचारलं जातं. गातं, आणि उत्तम गातं, मी रोज ऐकते. हजारो तासांचं गाणं ऐकून ते शिकलंय. पण त्याला मी असं विचारू शकत नाही की हाच गळा, हाच स्वर, फक्त नळी एक सेंटिमीटर लांब कर, किंवा स्वरतंतू मिटायला जरा जास्त वेळ घेऊ दे आणि मग काय बदलतं ते दाखव. माझे प्रश्न असे असतात, म्हणून मला अजून नळी आणि तार लागते.

सध्या मी मींडेत अडकलेय. आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, सा वरून पंचमावर घसरत जाताना घुमण्याची ठिकाणं बऱ्यापैकी जागच्या जागी राहतात आणि हार्मोनिक्स त्यांच्यामधून वर सरकत जातात, म्हणजे वाटेत एकेक हार्मोनिक उजळतो आणि मावळतो, पुढचा उजळतो. माझी गणितातली गायिका दोन्ही टोकांना खरी वाटते, मधेच, साधारण गंधाराच्या आसपास, क्षणभर यंत्र होते. तिथे खऱ्या गळ्यात काहीतरी हलतंय जे मी हलवत नाहीये. जबडा असेल, स्वरयंत्र वर सरकत असेल. या आठवड्यात जबडा हलवून बघणार आहे.