कानशीच्या सुरीला पाणी दिलं

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज सुरी पूर्ण झाली. पाच रविवार गेले. बोटांना अजून कोळशाचा वास येतोय.

आजोबा फिटर होते, त्यांच्या पेटीतली एक जाड कानस, दाते पार झिजलेले, तिचीच सुरी करायची हे मी आधीच ठरवलं होतं. कानशीचं पोलाद चांगलं कडक, त्यात कार्बन साधारण १ टक्का, म्हणून धार धरतं. पण ते इतकं कडक असतं की कापताच येत नाही, आधी लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवायचं, सावकाश गार झालं की मऊ पडतं.

खरं तर ही दुसरी सुरी. पहिलीच्या वेळी भर दुपारी अंगणात भट्टी लावली, विटा, लोणारी कोळसा आणि वाऱ्याला जुना हेअर ड्रायर. उन्हात रंग फिका दिसतो, मला वाटलं अजून तापलं नाही, तापवतच राहिलो आणि सरळ बादलीतल्या पाण्यात बुडवली. टिक्‌ असा आवाज आला. बारीकसा. पोटात गोळाच आला. हातात घेऊन वाकवली तर दोन तुकडे, आणि तुटल्या जागी आत रव्यासारखे जाड चमचमते दाणे. गल्लीच्या टोकाला लोहारकाका बसतात, त्यांना तुकडे दाखवले, त्यांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "जास्त तापवलंस बाळा. दाणा फुगला. दिवस मावळल्यावर कर, डोळे फसत नाहीत."

मग दुसरी कानस, आजोबांची. ह्यावेळी पात्यावरचे दाते घासून पूर्ण काढले, कारण तडा तिथूनच सुरू होतो. मुठीची भोकं पण आधीच पाडली, नंतर ड्रिल चालत नाही.

काल संध्याकाळी दिवे बंद करून बसलो. चुंबक तारेला बांधून दर थोड्या वेळाने पात्याला लावत होतो. ७७० डिग्रीच्या आसपास पोलाद चुंबकाला धरायचं सोडून देतं, आणि ते खरंच सोडतं, तो क्षण हाताला कळतो! अजून थोडंसं तापवलं आणि कोमट शेंगदाणा तेलात टोक खाली करून सरळ उभी बुडवली. भपकन धूर. मी श्वास रोखून कान देऊन होतो. टिक्‌ आलं नाही. नवी कानस फिरवून बघितली तर काचेवरून घसरावी तशी घसरली, म्हणजे पातं कडक झालं.

तापलेलं पोलाद असं एकदम गार करून कडक करणं, ह्यालाच पाणी देणं म्हणतात, तेलात दिलं तरी पाणीच. मला हा शब्द फार आवडतो.

तशीच ठेवली तर पातं ठिसूळ राहतं, म्हणून आज सकाळी पॉलिश पेपरने घासून आईच्या केकच्या ओव्हनमध्ये २०० डिग्रीला एक-एक तास दोनदा ठेवली. वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग चढला, तोच हवा होता. मग बाभळीची मूठ, पितळी पिना, अराल्डाइट, आणि शेवटी दगडावर तासभर धार.

आईने रात्री कैरी चिरली. पात्यावर लगेच निळसर काळे डाग पडले, स्टेनलेस नाही ना, आंबट लागलं की असं होणारच, पुसून खोबरेल लावून ठेवली. ती म्हणाली, "हिला कुणी हात लावायचा नाही, माझीय."

मुठीच्या आतल्या भागावर मात्र आजोबांच्या कानशीचे थोडे दाते मी तसेच ठेवलेत, लाकूड घट्ट चिकटायला बरे पडतात. आता ते कुणाला दिसणार नाहीत, पण आहेत.