पायाखालची सतार

गिटारवाल्यांच्या दुनियेत ‘रविश सितार’ नावाची एक डबी, म्हणजे आवाज बदलणारं पेडल, मिळते. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीची. गिटारची वायर तिच्यात खुपसायची, तिची वायर अँपमध्ये, आणि पायाने बटण दाबलं की गिटारमधून सतार. निदान कंपनीचं म्हणणं तसं आहे. आमच्या भाच्याने ती कुणाकडून तरी सेकंडहँड आणली आणि घरात चर्चा सुरू झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर. वाद्याला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. इथे तर लाथ मारल्याशिवाय सतार बोलायलाच तयार नाही. दसऱ्याला त्याने गिटारला झेंडूचं फूल वाहिलं, मग जरा घुटमळून डबीवरही एक ठेवलं. फूल उचललं आणि पुन्हा पाय दिला.

डबीवरच्या नॉबांपैकी एकाने मूळ गिटार कमी-जास्त होते, एकाने नकली सतार, आणि एकाने चक्क तरफा. म्हणजे सतारीत पडद्यांखालून जाणाऱ्या, ज्या बोट न लावता आपोआप झंकारतात त्या तारा. त्या कोणत्या सुरांत लावायच्या हेही ठरवता येतं. भाच्याने एक सूर छेडला आणि मागे जी काही गुणगुण उठली ती ऐकून मी खरंच चकित झालो.

मावशी झाली नाही. ती तरुणपणी बरीच वर्षं सतार शिकलेली. म्हणाली, “मींड घे बघू.” भाच्याने तार ओढली, ती दीड-दोन सूर वर गेली आणि थांबली, पुढे बोट दुखतं आणि तार तुटते. सतारीत एकाच पडद्यावर तार बाजूला खेचत पाच सुरांपर्यंत जाता येतं. तिथले पडदे कमानीसारखे वर उचललेले असतात, तारेखाली मोकळी जागा असते. ही जागा डबीत कुठून आणायची?

“आणि जवारी?” तिने पुढचं विचारलं. खरी गोम इथेच आहे. गिटारची तार घोडीवर एका धारेवर टेकते. सतारीची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार हलताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा घासते, आणि सूर विरत जाताना त्यातले वरचे स्वर एकेक करून उमलतात. हीच जवारी. मिरजेत सतारमेकर आडनावाची घराणी पिढ्यान् पिढ्या घोडी घासून जवारी लावत आली. कानसीचा एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, परत हात. खुली म्हणजे जास्त झणझणती जवारी हवी की बंद म्हणजे दबकी, तेही वाजवणाऱ्याच्या पसंतीवर. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते कारागिराच्या कानाला कसं लावणार? डबीत या साऱ्यासाठी ‘टिंबर’ (आवाजाचा पोत) लिहिलेला एक नॉब आहे. उजवीकडे फिरवला की ‘झँ’ जास्त, डावीकडे कमी.

तर नक्कल फसली. पण मला या फसण्याचंच कौतुक वाटतं, कारण पेडलांचा सगळा इतिहास अशा फसलेल्या नकलांचा आहे.

१९६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि त्यातून जाणारी बेस गिटार भसाभसा फाटून यायला लागली. ध्वनिमुद्रकाला तो आवाज भावला, त्याने तो मुद्दाम निर्माण करणारं सर्किट बनवलं, आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल बाजारात आलं. फझ म्हणजे हाच फाटका आवाज. जाहिरात काय होती? याने गिटार ट्रंपेटसारखी, ट्यूबासारखी, चेलोसारखी वाजेल! आज फझ विकत घेणाऱ्या एकालाही ट्यूबा नको असतो. त्याला फझ हवा असतो.

सतारीच्या बाबतीत तर किस्सा अधिकच मजेदार. १९६५ मध्ये लंडनच्या यार्डबर्ड्स या रॉक बँडने एका गाण्याच्या सुरावटीसाठी खरा सतारिया स्टुडिओत बोलावला. ध्वनिमुद्रण झालं, पण सतार फार नाजूक वाटली. मग त्यांच्या जेफ बेक या गिटारवादकाने तीच सुरावट टोन बेंडर नावाच्या फझ पेडलमधून गिटारवर वाजवली, आणि तीच रेकॉर्डवर गेली. खरी सतार खोलीत हजर असताना नकली पसंत पडली! मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माइक नीट लावला नसेल.” असेलही.

दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी गिटार कंपनीने कोरल इलेक्ट्रिक सतार आणली. व्हिनी बेल या गिटारवादकाच्या कल्पनेतून आलेली. दिसायला गिटार, वर तेरा तरफा, आणि तार झणझणावी म्हणून खास चपटी घोडी. सतारीसारखी ती फारशी वाजत नाही, पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकी गाण्यांत तिने स्वतःची जागा केली. इतकी, की आता काही डिजिटल गिटारींमध्ये या कोरलची नक्कल भरलेली असते.

पण आपण हसायचं कारण नाही. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन आठवा. ती बीन नव्हेच. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन या छोट्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली होती. त्यानंतर वरातीत बँडवाल्यांनी, ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्यांनी त्याच आवाजाची नक्कल केली, आणि लोक रस्त्यात लोळून नागीण डान्स करत राहिले. आज एखाद्या गारुड्याने खरी पुंगी फुंकली तर चारचौघांना तीच बेसूर वाटेल.

भाच्याने आता सतारीचा नॉब शून्यावर आणलाय. नुसत्या तरफा ठेवतो, त्यावर साधी गिटार. हे आवडून घ्यायला मला जराही कष्ट पडले नाहीत. मावशीने एका दुपारी त्याच्याकडून तरफा यमनमध्ये लावून घेतल्या, तीव्र मध्यमावरून दोघांचं थोडं वाजलं, मग ती डोळे मिटून गात बसली. गेल्या महिन्यात त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम स्टेजवर आले आणि म्हणाले, “हार्मोनियम फार छान वाजली हो. कोण होतं?”