तुम्ही विचारलंत म्हणून: गोल किती केलेस?

गणपतीला मालवणात घरी आले की आरती आटोपल्यावर कोणीतरी हमखास विचारते, "काय गो, गोल किती मारलंस?" विचारण्यात कौतुक असते आणि उत्तरही माझ्यापाशी तयार असते: राज्याचा संघ आणि क्लब मिळून आठ हंगामांत नऊ गोल. आकडा ऐकून समोरच्या माणसाचा चेहरा किंचित उतरतो, आणि मग शिऱ्याची वाटी पुढे येऊन विषय बदलतो. मी फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळले, तीही बचावफळीच्या लगेच पुढे, सहा नंबरच्या जागी. त्या जागेवरच्या कामाची नोंद गोलांच्या रकान्यात होत नाही, म्हणून हे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे मोठे सपाट मैदान मिळणे कठीण. डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर जांभा दगड, पडले की गुडघे सोलवटलेच; मळ्यांत पावसाळाभर भात. त्यामुळे आम्ही ओहोटीने मोकळ्या झालेल्या ओल्या, घट्ट वाळूवर खेळायचो आणि खेळाची वेळ माझे आजोबा सांगायचे. त्यांचे आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, गेले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळचा खेळ बुडाला. अमावास्या-पौर्णिमेला भरती अकरा-सव्वाअकराला, म्हणजे पाचनंतर ऐसपैस किनारा आमचा. मधल्या तिथींना मात्र खेळ अर्ध्यावर आला की पाणी चढू लागे. मैदानाची एक बाजू हळूहळू आत सरकत राही आणि जी जागा दहा मिनिटांपूर्वी मोकळी होती तिथे आता लाट असे. मुलांच्या घोळक्यात मी एकटी मुलगी; अंगाने लहान, धक्काबुक्कीत कमी पडणारी. चेंडू पायाशी येण्याआधी पाणी कुठवर आले आहे, कोण कुठून धावत येतो आहे, हे पाहून ठेवले तरच चेंडू माझ्याकडे राहत असे. आजोबांचेही रापणीतले सांगणे तेच होते: "आदी बघ, मगे वड."

पुढे मुंबईत प्रशिक्षकांनी मला शिकवले ते याचेच शास्त्रशुद्ध रूप होते. समजा, चेंडू आपल्या लेफ्ट बॅककडे, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूकडे, आहे आणि ती तो मला देणार आहे. तो निघण्याआधी मी एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहते, चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा, आणि दोन्ही चित्रांत काय बदलले यावरून ठरवते की पहिला स्पर्श कोणत्या पायाने आणि कोणत्या दिशेला करायचा. प्रतिस्पर्धी पाठीला भिडली असेल तर चेंडू एका स्पर्शात परत. ती दोन पावले दूर असेल तर अंग अर्धे वळवून तो पुढे जाऊ द्यायचा. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद मैदानावर मधल्या फळीतली खेळाडू नव्वद मिनिटांत दहा किलोमीटरच्या आसपास धावते, पण चेंडू तिच्या पायाशी असतो तो मोजकी मिनिटेच. बाकीचा सगळा वेळ जागा धरणे, जागा सोडणे आणि पाहणे यात जातो. माझ्या मते फुटबॉलमधले सर्वांत कठीण काम हेच आहे.

जाणकार या कामाची किंमत ओळखतात. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांतले महिलांचे पाचही बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, मधल्या फळीतल्या दोघींनी मिळवले: पहिली दोन अलेक्सिया पुतेयासने, पुढची तीन ऐताना बोनमातीने. मधल्या फळीतल्या खेळाडू गोल करत नाहीत, असेही कोणी समजू नये. ५ जुलै २०२५ रोजी चियांग मायमध्ये भारताने थायलंडला २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता मिळवली, तेव्हा आपले दोन्ही गोल मधल्या फळीतल्या संगीता बासफोरचे होते. त्या संध्याकाळी मी घरात एकटीच ओरडत होते.

पोटापाण्याचे थोडक्यात सांगते. इंडियन विमेन्स लीग ही महिला क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुख्य फेरीत सहा संघ होते आणि सगळे सामने दिल्लीत तीन आठवड्यांच्या आत संपले. मी लीगमध्ये आले तेव्हाही करार काही महिन्यांचाच असे. उरलेले वर्ष मी एका शाळेत मुलींना शिकवून काढले. एका क्लबने दोन महिन्यांचे पैसे इतके रखडवले की माझ्या खोलीचे भाडे वडिलांना पाठवावे लागले. ते मी अजून विसरलेले नाही. २०२३-२४ मध्ये घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर सामने होऊ लागले, हंगाम लांबला, आणि प्रथमच व्यावसायिक खेळाडू असल्यासारखे वाटले. मधे गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ही दुखापत पुरुषांपेक्षा स्त्री खेळाडूंना अधिक होते. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला मला अकरा महिने लागले, आणि त्या काळात धावण्याइतकीच मान वळवून पाहण्याची सवयही पुन्हा बसवावी लागली.

परतल्यानंतरच्या हंगामातली एक गोष्ट सांगते. दुसऱ्या अर्धात माझ्याकडे चेंडू येत होता आणि प्रतिस्पर्धी संघाची एक खेळाडू माझ्या पाठीवर जोरात धावून येत होती. मी चेंडूला पाय लावलाच नाही. तो दोन्ही पायांमधून जाऊ दिला, वळले, आणि उजव्या बगलेवरच्या मुलीला लांब पास दिला. तिने क्रॉस टाकला, स्ट्रायकरने डोक्याने गोल केला. नोंदीत गोल एकीचा, असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास, दुसरीचा. सामना मोबाइलवर दिसत होता आणि घरी सगळे जमून पाहत होते. रात्री फोन केला तेव्हा प्रत्येक जण गोलाबद्दल बोलत होता. शेवटी फोन आजोबांच्या हातात गेला. त्यांनी विचारले, "पाठसून येणारी ती तुका दिसली कशी गो?"