गॅस, गिझर, एसी: सगळं युनिटमध्ये मोजून बघा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंडक्शन स्वस्त की पाइपचा गॅस हा वाद पेटला की संपतच नाही, कारण एक जण एससीएममध्ये (पाइपच्या गॅसच्या बिलातलं घनमीटरचं माप) बोलतो, दुसरा युनिटमध्ये आणि तिसरे एक काका अजून सिलिंडरच्या किलोवर अडकलेले. अहो आधी सगळं एका मापात आणा, मग भांडा!

मी सगळं विजेच्या युनिटमध्ये आणतो, कारण रेट त्याचाच पाठ असतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल. पण ज्यूल सोडा, घरात कामाचा आकडा ८६०. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, आणि एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला एक किलोकॅलरी लागते. झालं, आता गिझरचा हिशोब तोंडी होतो. १५ लिटर पाणी २७ वरून ५० डिग्रीला न्यायचं तर १५ गुणिले २३, म्हणजे ३४५ किलोकॅलरी, म्हणजे ०.४ युनिट. दोन किलोवॅटचा गिझर असेल तर बारा मिनिटं. तरी लोक तासभर चालू ठेवून वर बिल जास्त आलं म्हणतात.

आता गॅस. पीएनजीच्या, म्हणजे पाइपच्या गॅसच्या, एका एससीएममध्ये साधारण १० युनिट उष्णता असते, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये १८० च्या आसपास. इथेच लोक उडी मारतात की बघा, दहा युनिट एवढ्या पैशात! पण शेगडीची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून किचन तापवते, साधारण ६० टक्केच आत जाते, इंडक्शनवर ८५ च्या आसपास. म्हणजे एका एससीएमचं काम इंडक्शनवर सात युनिटात होतं. तेव्हा विजेचा रेट सातने गुणायचा आणि एससीएमच्या रेटशेजारी ठेवायचा.

फक्त रेट कुठला, ते बघा. महावितरणच्या बिलात स्लॅब असतात, १०० पर्यंत, मग ३००, मग ५००, त्यामुळे इंडक्शनचे जास्तीचे युनिट तुमच्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात, आणि त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, वेगळा. सरासरी रेट धरला तर उत्तर इंडक्शनच्या बाजूने खोटंच गोड येतं. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन एसी चालतात, तेव्हा गॅस जिंकतो. ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत राहतं त्यांचं गणित उलटं पडू शकतं.

एसीचा टन हा तर वेगळाच प्रकार, तो वजनाचा नाही आणि वीज खाण्याचाही नाही. एका दिवसात एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीबाहेर काढायची ताकद, तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश माप), म्हणजे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो पण वीज दीड किलोवॅटच्या आसपास घेतो, कारण तो उष्णता बनवत नाही, नुसती हलवतो. म्हणून टनाचे थेट युनिट करू नका, स्टार लेबल वाचा.

खाण्याच्या पाकिटावरची कॅलरी पण खरं तर किलोकॅलरीच असते. लिफ्ट बंद पडली म्हणून ७० किलोचा माणूस दहा मजले, म्हणजे तीसेक मीटर चढला तर वजन वर न्यायला फक्त ५ किलोकॅलरी लागतात. स्नायूंचं काम जेमतेम पाव भाग कार्यक्षम, तरी वीसच. खाली येऊन वडापाव खाल्लात तर तीनशेच्या आसपास आत गेल्या (मी तरी खातोच).

आणि स्टेशनबाहेर पॉवर बँक घेताना १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) बघून खूश होऊ नका, ती ऊर्जा नाहीच, तिला व्होल्टेजने गुणावं लागतं. आतल्या सेलचे ३.७ व्होल्ट धरले तर ३७ वॅट-तास, म्हणजे ०.०३७ युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज सोडली तर एका युनिटात असे सत्तावीस भरतील, तेव्हा ऑफिसात फुकट चार्ज करून आणण्यात काही राम नाही.