प्रवाळांच्या टँकमधली अल्कलिनिटी: माझा अनुभव

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना मी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं आणि ते डोळ्यांपुढून हलेचना. भारतात दगडी सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती घरी आणायचा प्रश्नच नाही, आणि ते योग्यच आहे. न्यू जर्सीत आल्यावर मात्र टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे मिळाले आणि घरात खाऱ्या पाण्याचा टँक आला. दगड-वाळू वजा जाता पाणी जेमतेम २०० लिटर.

दीड वर्ष सगळं छान चाललं होतं. मग एका रविवारी अल्कलिनिटीची, म्हणजे प्रवाळ सांगाड्यासाठी वापरतं त्या पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची, टेस्ट करताना एकेक थेंब टाकत गेलो. निळं पाणी पिवळं झालं तेव्हा आकडा आला ६.२ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक, बोलताना नुसतं ‘अंश’). समुद्रात तो साधारण ७ च्या आसपास असतो. मी घाबरलो. एवढ्या पाण्यात अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला सुमारे ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. मी १८ ग्रॅम विरघळवून एका दमात ओतला. संध्याकाळी ९.२! हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागले तर हिरव्या अ‍ॅक्रोपोराची (फांद्यांसारखं वाढणारं प्रवाळ) टोकं पांढरी. काचेला नाक लावून पाहिलं, तर वरची नाजूक त्वचा सोलून निघाली होती आणि सांगाडा उघडा पडला होता. फार वाईट वाटलं. ६.२ वर ती बिचारी तगून होती. एका दिवसात ३ अंशांची उडी तिला सोसली नाही. आता दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त वाढवत नाही.

कॅल्शियम तर लिटरला ४०० मिलिग्रॅम होतं, मग अल्कलिनिटीच का घसरली? प्रवाळ सांगाडा बांधताना दोन्ही वापरतं, पण कॅल्शियमचा साठा मोठा असतो. अल्कलिनिटी ८ वरून ५ वर येते तेवढ्यात कॅल्शियम ४२० वरून ३९९ च्या आसपास येतं. म्हणजे पहिला खडखडाट अल्कलिनिटीचाच. माझी प्रवाळं वाढली, खप वाढला आणि माझं लक्ष नव्हतं.

मग खप मोजायचं ठरवलं. सोडा पूर्ण बंद, आणि रोज रात्री ९ वाजताच टेस्ट, कारण वेळ बदलली की आकडाही थोडा हलतो. सोमवारी ८.४, मंगळवारी ७.९, बुधवारी ७.४. रोजचा अर्धा अंश, म्हणजे ३ ग्रॅम सोडा. एक लिटर आरओच्या पाण्यात ६० ग्रॅम विरघळवून डोसिंग पंप (ठरलेली मात्रा आपोआप सोडणारा) लावला: दिवसाला ५० मिली, पाच-पाच मिलीचे दहा हप्ते. कॅल्शियम क्लोराइडची बाटली वेगळी, तिची वेळही वेगळी. दोन्ही एकाच जागी पडलं की पाण्यात पांढरा चुरा होतो आणि सगळं वाया जातं.

आकडा ८ च्या जवळ टिकून राहिला. दोन महिन्यांनी त्या पांढऱ्या टोकांवर खालून हिरवी त्वचा चढताना दिसली. गेल्या आठवड्यात खप ०.७ वर गेला, पंप ७० मिलीवर नेला.